चर्चच्या सहा माणसांच्या पगाराचं काम शाहूपुरीत दिलं, आठ महिन्यांचा अनुभव (४ स्टार)

आधीच सांगतो, मी रिव्ह्यू लिहिणारा माणूस नाही, मिसळीचा फोटो पण कधी टाकलेला नाही. पण ज्यांच्याकडं हे पगाराचं काम दिलंय त्या मॅडमनी दोनदा मेसेज केला की सर दोन ओळी लिहा, म्हणून बसलोय. दोन ओळीत होणार नाही ते आत्ताच दिसतंय.

माझं कोल्हापूरला उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, बावीस कामगार. आणि रविवारी मी आमच्या चर्चचा खजिनदार, सहा वर्षं झाली. चर्चचं नाव लिहीत नाही, कारण यात शाबासकीसारखं फार काही नाही. पाळकसाहेबांचा पगार वरून येतो, तो आमच्याकडं नाही. आमच्याकडं सहा माणसं. शिपाई-वॉचमन काका, जे घंटा पण वाजवतात आणि चर्चच्या मागच्या खोलीत राहतात, २८ वर्षं झाली त्यांना. झाडलोटीच्या मावशी. ऑफिसमधली मुलगी. तरुणांचं काम बघणारा सहाय्यक. आणि मानधनावर दोघं, कीबोर्डवाला आणि घरोघरी भेटी देणाऱ्या बायबल बाई.

वर्कशॉपला माझं सगळं चोख. पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), दिवाळी बोनस, सात तारखेच्या आत पगार, आणि ह्यात माझा काही मोठेपणा नाही, नाही दिलं तर दुसऱ्या दिवशी मशीन बंद पडतात. चर्चला मात्र मीच खजिनदार असून पगार कधी दहाला, कधी पंधराला, दानपेटी मोजून झाली की पाकिटात. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. दोन वेगवेगळे कप्पे होते बहुतेक डोक्यात.

निमित्त झालं ऑडिटचं. ऑडिटर म्हणाला सहाय्यकाला महिन्याला १४,००० रोख देता, एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलं की इन्कम टॅक्सच्या हिशोबात ट्रस्टला अडचण येते, आणि प्रोफेशनल टॅक्स कुठाय? प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे पगारातून कापून राज्य सरकारला भरायचा कर, आम्ही आजवर कापलाच नव्हता. मग त्यानंच या मॅडमचा नंबर दिला.

ऑफिस शाहूपुरीत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, पार्किंगचं तर नावच काढू नका, व्हीनस कॉर्नरच्या अलीकडं गाडी लावून चालत गेलेलं बरं. दोन माणसांचं ऑफिस, मॅडम आणि एक पोरगा. सुरुवातीचे ६,००० आणि नंतर महिन्याला ९००. पहिल्या मीटिंगला मॅडम पन्नास मिनिटं उशिरा आल्या. मी उठून चाललो होतो खरं तर.

पण आल्या आणि पहिलाच प्रश्न असा विचारला की मी खाली बसलो. मी सांगत होतो की आमच्याकडं माणसं सेवा म्हणून काम करतात, पगार म्हणजे तसा मानधनच. त्यांना चर्चमधलं काही माहीत नाही, त्या कधी आत पण आलेल्या नव्हत्या, त्यामुळं त्यांनी अगदी सरळ विचारलं, "सेवा म्हणजे किती ते किती?" मी म्हटलं म्हणजे? त्या म्हणाल्या, "म्हणजे सकाळी किती वाजता येतात आणि किती वाजता जातात?" मला सांगता येईना. वर्कशॉपमधल्या बावीस जणांची शिफ्ट मला तोंडपाठ, आणि इथल्या सहा जणांची नाही.

त्यांची पद्धत अशी की आधी कमिटीशी बोलत नाहीत, आधी स्टाफशी एकेकट्यानं बोलतात, अर्धा अर्धा तास, आणि त्या वेळी कमिटीतलं कोणी खोलीत नको. आमच्या एका ज्येष्ठ पंचांना हे अजिबात पटलं नाही, "आपलीच माणसं आहेत, आपल्यासमोर बोलायला काय झालं?" मॅडम हसून म्हणाल्या, "तुमच्यासमोर बोलली असती तर तुम्हाला मला बोलवायची वेळ आली नसती." हे मला लै आवडलं, पण ज्येष्ठांसमोर आवडल्यासारखं दाखवलं नाही.

तर त्या बोलण्यातून जे कागदावर आलं ते सांगतो, सगळं नाही, थोडं.

मावशींना आम्ही ४,५०० देत होतो, "दिवसाला चारच तास तर आहे" म्हणून. मॅडमनी तास लिहून काढले तर साडेसहा निघाले. अडीच तास कुठनं आले? तर मावशी चर्च झाडून झाल्यावर पाळकसाहेबांच्या बंगल्यावर "थोडं बघायच्या". भांडी, फरशी, पाहुणे असले की चहा. कधीपासून? आधीच्या पाळकांच्या पण आधीपासून. कोणी सांगितलं? कोणीच नाही, तसंच चालत आलंय. पाळकीणबाईंना वाटत होतं चर्च त्याचे पैसे देतं, आम्हाला वाटत होतं बंगला देतो. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "देवाचंच घर हाय की ते पण." आता ह्याला काय बोलणार.

काकांचं तर वेगळंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आमच्या कंपाउंडात छातीभर पाणी होतं. काकांनी रात्रीत बाप्तिस्म्याची आणि लग्नाची जुनी रजिस्टरं, हार्मोनियम, प्रभुभोजनाची भांडी, सगळं वर गॅलरीत नेऊन ठेवलं. एकट्यानं. त्यात त्यांची स्वतःची खोली गेली, गाद्या, टीव्ही, पोरीची पुस्तकं. आम्ही त्या रविवारी उपासनेत उभं राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या, ते मला चांगलं आठवतंय. काकांनी नंतर ५,००० मागितले, ते आम्ही दिले. मॅडमनी रजिस्टर चाळताना विचारलं, "हे महिना ५०० कपात कसली आहे, दहा महिने?" ते तेच ५,०००. आम्ही ॲडव्हान्स म्हणून लिहिले होते आणि कापून घेतले होते. सही माझीच. मी तेव्हा नुकताच खजिनदार झालो होतो, समोर आलं त्यावर सही केली, एवढंच. एवढंच म्हणायला पण लाज वाटतीय.

आणि एक. दर वर्षी स्टाफनं पगारवाढ मागितली की आमचं ठरलेलं उत्तर, "खजिन्यात नाही हो सध्या, पुढच्या वर्षी बघू, प्रार्थना करा." हे मी स्वतः तीन वर्षं बोललोय. आता वार्षिक सभेला छापील अहवाल वाटतात ना, त्यात शेवटच्या पानावर शिल्लक असते, मागच्या वर्षी अकरा लाखांच्या वर होती. ते अहवाल दारात उभं राहून वाटतं कोण? काका. मॅडमना काकांनी हे सांगितलं म्हणे, तक्रार म्हणून नाही, सहज. "मी वाचतो की ओ मॅडम सगळं, वाटायच्या आधी."

मला वाटलं होतं ही माणसं साधी आहेत, त्यांना काय कळतंय. सगळं कळत होतं त्यांना, आम्हीच आपले झाकत बसलेलो.

बरं, आता सर्व्हिसबद्दल, म्हणजे जे लिहायला बसलोय ते. मॅडमची सगळ्यात चांगली गोष्ट ही की त्या कायद्याची भीती घालत नाहीत. मला वाटलं आता ह्या म्हणणार हे लागू, ते लागू, एवढा दंड. उलट पहिल्याच रिपोर्टात स्वच्छ लिहिलं होतं की पीएफ वगैरेची सक्ती तुमच्यावर नाही. पीएफची सक्ती २० माणसांपासून, ईएसआय आणि ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम) १० पासून, तुमची सहा, त्यामुळं ह्यातलं काही बंधनकारक नाही. प्रोफेशनल टॅक्स मात्र लागतो, तिथं माणसं किती हे बघत नाहीत. काकांच्या पगारावर महिना १७५, सहाय्यकाच्या २०० आणि फेब्रुवारीत ३००, बायकांना २५,००० पर्यंत माफ. म्हणजे दोघांचा मिळून वर्षाला ४,६००. एवढ्याशा रकमेसाठी आम्ही इतकी वर्षं नोंदणी केली नव्हती! ती त्यांनी करून दिली, मागचं पण निस्तरून दिलं, त्याचे वेगळे पैसे घेतले पण आधी सांगून घेतले.

आणि मग रिपोर्टाच्या खाली एक ओळ, "वरील गोष्टी कायद्याने लागू नाहीत. संस्थेला द्यायच्या आहेत का, हे संस्थेने ठरवावे." बस. ह्या एका ओळीवर आमच्या कमिटीच्या तीन मीटिंगा झाल्या.

काकांची ग्रॅच्युइटी त्यांनी नुसती उदाहरण म्हणून काढून दाखवली होती. हिशोब सोपाय, शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. काकांच्या तेव्हाच्या ९,००० पगारावर २८ वर्षांचे १,४५,३८५ होतात. आणि पगार १२,५०० केला, जो करायचं आमचं चाललं होतं, तर २,०१,९२३, कारण ती शेवटच्या पगारावर असते, मागची सगळी वर्षं नव्या पगारानं धरतात. आकडा वाचल्यावर मीटिंगमध्ये एकदम शांतता. मग एकजण म्हणाले, "एवढे कुठनं आणायचे?" मी काही बोललो नाही, पण वर माळ्याकडं बघितलं, तिथं आमची नवी साउंड सिस्टिम आहे, दोन लाख चाळीस हजार, एका आठवड्यात वर्गणी जमली होती तिला.

ज्येष्ठ पंचांनी बायबलमधला द्राक्षमळ्याचा दाखला काढला. मत्तय विसावा अध्याय, मालकानं शेवटच्या तासाला आलेल्याला पण सकाळपासून राबलेल्याएवढंच दिलं, कोणाला किती द्यायचं ही मालकाची मर्जी, कामकऱ्यानं कुरकुर करू नये. मला वाटलं संपलं आता. पण पाळकसाहेब, जे तोवर गप्प होते कारण बंगल्याच्या भांड्यांचा विषय नुकताच होऊन गेला होता, ते म्हणाले, "बाबा, त्या मालकानं मजुरी सकाळीच बोलून ठरवली होती, आणि त्याच दिवशी संध्याकाळी चुकती केली. आपण दोन्हीपैकी काय केलंय?" बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात पण तेच आहे, गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, चोविसावा अध्याय. आम्ही पंधरा तारखेला देत होतो आणि वर आभार मानून घेत होतो.

आमच्याकडं ही सवय जुनी आहे, असं माझं मत. अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांना मिशन म्हणजे मायबाप. खोली मिशनची, शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा. मायबापाकडं कोणी पगाराची स्लिप मागतं होय? साहेब लोक गेले, पण ते "बघून घेऊ" तेवढं राहिलं, आणि आता बघून घेणारे आम्ही, ज्यांना दुकानं-वर्कशॉपं सांभाळून रविवारी दोन तास मिळतात. असो, हे विषयाबाहेर चाललं.

शेवटी ठरलं ते असं. काका १२,५००, मावशींचे तास खरे धरून त्या हिशोबानं, बंगल्याचं काम बंद, पाहिजे असेल तर पाळकसाहेबांनी वेगळे पैसे देऊन सांगायचं (त्यांनी सांगितलं, आणि देतात). पगार सात तारखेच्या आत बँकेत. ग्रॅच्युइटीसाठी वेगळी एफडी, पाच वर्षं झालेल्या प्रत्येकाला. ऑफिसमधली मुलगी २९ वर्षांची, तिला श्रमयोगी मानधन योजनेत घातलं, महिना १०० रुपये, तेवढेच सरकार घालतं, साठीनंतर ३,००० पेन्शन. तिचे १०० चर्च भरतं. ह्या योजनेत वयाच्या ४० पर्यंतच घेतात, काकांना उपयोग नाही, त्यांच्यासाठी ती एफडीच. सगळ्यांचा वीस रुपयांचा अपघात विमा. वीस रुपये वर्षाला! हे पण आम्ही काढून दिलं नव्हतं. आणि कापून घेतलेले ५,००० परत. ते द्यायला मी स्वतः गेलो. काकांनी मोजून घेतले. मला वाटलं होतं नको नको म्हणतील.

अजून एक काम मॅडमनी काढलं ज्याची मला कल्पना नव्हती, मागच्या पाच वर्षांत सोडून गेलेल्यांची यादी. कोणाचं काय द्यायचं राहिलंय. आमच्याकडं एकच नाव होतं, आताच्या सहाय्यकाच्या आधीचा मुलगा. त्याचं आणि कमिटीतल्या एकाचं पटलं नाही, आम्ही त्याला थांब म्हणून सांगितलं, आणि रविवारी पुलपिटवरून जाहीर केलं की बंधू पुढील सेवेसाठी जात आहेत, हार घातला, फोटो काढला. पुढची सेवा वगैरे काही नव्हती, तो चार महिने घरी बसून होता, हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. दीड महिन्याचा पगार राहिलेला निघाला, आणि अनुभवाचं पत्र दिलंच नव्हतं.

मी फोन केला. आता पुण्यात असतो तो. मी आपलं बरंच काही बोललो, चूक झाली वगैरे. तो म्हणाला, "ठीक आहे अंकल, अकाउंट नंबर पाठवतो." मी म्हटलं पत्र पण देतो. तर विचारतो, "पत्रात सोडायचं कारण काय लिहिणार?" मला काही सुचलं नाही. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या खरं तेच लिहा, कमीत कमी शब्दात, "संस्थेच्या निर्णयानुसार सेवा समाप्त, कामाबाबत तक्रार नाही." तसं लिहिलं. त्यानं फक्त अंगठा पाठवला, व्हॉट्सॲपवर. ठीक आहे, त्याचा हक्क आहे तेवढा.

आता एक स्टार कुठं गेला ते.

एक, टेम्प्लेट. ह्यांचं सगळं कंपन्यांसाठी बनवलेलं आहे आणि तेच नाव बदलून छापतात. मावशींच्या नेमणूक पत्रात "कंपनीच्या व्यापारी गुपितांची वाच्यता करणार नाही" असं कलम! मावशी म्हणाल्या, "मला कुठली गुपितं म्हाईत असणार." (माहीत आहेत, भरपूर.) आणि काकांच्या पत्रात प्रोबेशन सहा महिने. २८ वर्षं काढलेल्या माणसाला. ऑफिसमधल्या मुलीनं ते वाचून जे हसायला सुरुवात केली ते काका येऊन विचारेपर्यंत.

दोन, पहिल्या दोन महिन्यांच्या पगार स्लिपा इंग्रजीत आल्या. आमच्या निम्म्या स्टाफला वाचता येत नाही मग उपयोग काय, मराठीत द्या म्हटलं तर तीन आठवडे लावले. तुम्ही देणार असाल तर पहिल्याच दिवशी सांगा मराठीत पाहिजे म्हणून.

तीन, अंगठ्याचं मशीन गळ्यात मारायला बघतात. हजेरीचं. पोरगा दोनदा येऊन डेमो देऊन गेला. पाळकसाहेब म्हणाले बसवा, पण पहिला अंगठा माझा, रोजचा, आणि दुसरा खजिनदाराचा. विषय तिथंच मिटला.

चार, फोन उचलत नाहीत. मेसेज केला की रात्री साडेनवाला उत्तर. ऑफिसात गाठायचं तर अकरा ते एकच्या मध्ये जावा, नंतर त्या बाहेर असतात. आणि स्टाफला जिने चढायला लावू नका, काकांचे गुडघे दुखतात म्हटल्यावर पोरगा चर्चला येऊन सह्या घेऊन गेला, पण ते मागावं लागलं.

कोणासाठी चांगलं? ज्यांची माणसं पाच-दहा आहेत आणि ज्यांना वाटतं आपल्याकडं तर घरच्यासारखं चालतं. चर्चच पाहिजे असं काही नाही, देवस्थान, मदरसा, तालीम मंडळ, कोणाचंही करतील. फक्त जाताना जुनी रजिस्टरं सगळी घेऊन जावा, निवडून नेऊ नका, मी पहिल्यांदा निवडून नेली होती आणि त्यांना पाच मिनिटात कळलं.

शेवटची गंमत. मागच्या महिन्यात काका मराठी स्लिप घेऊन माझ्याकडं आले, चष्मा लावून, बोट ठेवून. "खजिनदार साहेब, हितं काय लिवलंय बघा की." बघितलं तर, साप्ताहिक सुट्टी - रविवार. काका म्हणाले, "मला चालतंय. पण मग घंटा कोण वाजवणार, तुम्ही?" आमची सुट्टी सोमवारची ठरलीय, तसं मॅडमना त्याच दिवशी कळवलं. या महिन्याची स्लिप परवा आली. रविवारच आहे अजून.